मदत हवी आहे: सँडर थाप मारली की चालतो, कार्बन एक छोटा एक मोठा

झोपाळेवाला
नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आमच्या गावच्या घरी आजीचा सागवानी झोपाळा आहे. दर गणपतीला कोणीतरी उत्साहाने त्याला वार्निशचा एक हात मारत आलंय, त्यामुळे वर काकवीसारखा थर बसलाय. तो उतरवायला पाच इंची पॅडचा सँडर, म्हणजे काचपेपर लावून घासायचं मशीन वापरतोय. तीन वर्षं जुना, अंदाजे ३०० वॅटचा. दोन दिवस मस्त चालला. तिसऱ्या दिवशी मधेच बंद पडायला लागला. अंगावर एक थाप मारली की सुरू, पाच मिनिटांनी परत तेच. हवेच्या फटींतून आत ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो.

दुकानात नेला तर त्याने न उघडताच सांगितलं, "आर्मेचर गेलंय, त्या खर्चात नवाच घ्या." म्हणजे मोटरचा आतला फिरणारा गुंडाळीचा भाग. पटलं नाही. घरी येऊन प्लग काढला आणि उघडला. ड्रिलला बाहेरून कार्बनची (फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या छोट्या ठोकळ्यांची) टोपणं असतात, तशी याला नाहीत. चांदणीच्या खाचेचे सात स्क्रू काढल्यावर अर्धं कवच सुटलं. आत सगळीकडे चॉकलेटी पीठ! दोन कार्बन निघाले. एक ५ मिमी उरलाय, दुसरा ११ मिमी.

१) फक्त छोटा बदलला तर चालेल का?
२) घरात जुन्या मिक्सरचे कार्बन पडलेत. घासून बसवू का?
३) कॉम्युटेटर (कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) तपकिरी दिसतोय, म्हणजे जळला का?

गणपतीच्या आत झोपाळा टांगायचाय, नाहीतर आई मला टांगेल. आगाऊ धन्यवाद.

रंधा
बदलायचे तर जोडीनेच बदला. एक नवा एक जुना असं कधी करू नये. दोन्हींच्या स्प्रिंगचा दाब वेगवेगळा पडतो.

जुगाडू
मिक्सरचा बिनधास्त बसवा. काचपेपरवर घासून मापाचा करायचा. माझ्या ड्रिलमध्ये दोन वर्षं चालला.

वाइंडिंगवाला
थाप मारली की चालू होतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण रोग तिथेच आहे. जळलेलं आर्मेचर थापेला दाद देत नाही.

या मोटरमध्ये करंट एका कार्बनमधून कॉम्युटेटरवर उतरतो, आर्मेचरच्या गुंडाळीतून फिरतो आणि दुसऱ्या कार्बनमधून बाहेर पडतो. फील्डची कॉइल, म्हणजे बाजूची न फिरणारी गुंडाळी, हीही त्याच वाटेवर असते. सगळी एकच साखळी, एक कडी सुटली की मशीन गप्प. शिवाय दोन्ही कार्बनमधून करंट तेवढाच जातो, म्हणून दोघं थोड्याफार फरकाने सारखेच झिजायला हवेत. तुमच्याकडे दुपटीहून जास्त फरक आहे.

तुम्हाला वाटतंय गुन्हेगार ५ मिमीवाला. माझा संशय ११ मिमीवाल्यावर आहे. छोट्याने इमानदारीत काम केलं आणि झिजला. मोठा पितळी खोबणीत अडकून बसला असणार. स्प्रिंग मागून ढकलतेय, पण तो पुढे सरकत नाही. टोक आणि कॉम्युटेटर यांच्यात केसाएवढी फट पडली की ठिणगी उडते. तुम्ही थाप मारता तेव्हा तो तेवढ्यापुरता पुढे सरकतो. खात्री करायची तर दोघांची टोकं उजेडात धरून बघा. छोट्याचं गुळगुळीत, चकचकीत असेल. मोठ्याचं खरबरीत, खड्डे पडलेलं निघेल.

सँडरमध्ये हे फार होतं. वार्निशची धूळ लाकडाच्या भुशासारखी कोरडी राहत नाही. मोटर तापली की ती चिकट होते आणि खोबणीत डिंकासारखी बसते. नवी जोडी तशीच घातलीत तर महिन्याभरात परत याच धाग्यावर याल.

म्हणून आधी खोबण साफ करा. थिनर वापरू नका, कवचाचं प्लास्टिक आणि गुंडाळीवरचं वार्निश दोन्हीची वाट लागेल. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते कानकाडीवर घ्या आणि पूर्ण सुकू द्या. नवा कार्बन खोबणीत सोडला की स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

तपकिरी रंगाला घाबरू नका. बिडाच्या तव्यावर तेल मुरून जसा थर बसतो ना, तसाच तो आहे. तो कार्बनला सोयीचा असतो, घासून तांबं चमकवायला जाऊ नका. कुठे काळे डाग असतील तर बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांमधल्या खाचांत रुतून बसतात. खाचांमधली धूळ बांबूच्या टोकदार काडीने काढा.

आर्मेचरची शंका उरली असेल तर कार्बन बाहेर असतानाच मीटर लावा. कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर एक पूर्ण फेरी मारा, आकडे जवळपास सारखे यायला हवेत. कुठलीही पट्टी आणि मधला दांडा यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे करंटला वाट, मिळता कामा नये. मिळाली तर दुकानदार बरोबर होता, मीच त्याला सॉरी म्हणेन.

आता जुगाडू भाऊ, तुमचा ड्रिल चालला असेल, नाही म्हणत नाही. पण हाताने घासताना बाजू समांतर राहत नाहीत, म्हणजे कार्बन पुन्हा अडकणार. यांना तर तोच रोग झालाय. शिवाय सगळे कार्बन सारखे कडक नसतात. चुकीचा बसला तर कॉम्युटेटरवर चरे पाडतो, आणि मग खरंच आर्मेचर बदलावं लागतं.

जुगाडू
बरं बाबा. आमच्या ड्रिलला नजर लावू नका म्हणजे झालं.

पेठकर
पुण्यात येणं होणार असेल तर बोहरी आळीत बघा, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. जुना कार्बन सोबत न्याच. जाडी आणि रुंदी जुळवायची, लांबी झिजलेली असते तिच्यावर जाऊ नका. मागची टोपी आणि वायर कशी जोडलीय तेही बघा. मी एकदा नुसतं माप सांगून आणले, टोपीच बसेना, सिंहगड रोडवरून परत हेलपाटा.

झोपाळेवाला
वाइंडिंगवाले, तुम्हाला साष्टांग. मोठ्याचं टोक अगदी तुम्ही म्हणालात तसं, जळक्या बटाट्याच्या सालीसारखं. खोबणीत घातला तर मधेच थबकला, काडीने ढकलावा लागला. चार कानकाड्या काळ्या झाल्यावर पितळ दिसलं. मीटरची फेरी मारली, सगळे आकडे सारखे, दांड्याशी काही नाही.

भाऊ मुंबईत असतो, त्याने नागदेवीवरून जोडी आणली. नवा कार्बन १४ मिमीचा निघाला. बसवून रिकामाच चालवला तर ठिणग्या अजून दिसतायत. बारीक, निळसर. वास नाही, बंदही पडत नाही. काय करू?

वाइंडिंगवाला
घाबरू नका. नव्या कार्बनचं टोक कॉम्युटेटरच्या गोलाईवर बसायला वेळ घेतं. पेपर न दाबता दहा मिनिटं रिकामा फिरवा, मग हलकं काम द्या. ठिणग्या कॉम्युटेटरभर गोल फिरायला लागल्या तरच थांबा आणि इथे कळवा. आणि वार्निश काढताना व्हॅक्यूमची नळी जोडा, तोंडाला मास्क लावा. दर दोन-तीन दिवसांनी प्लग काढून फटींतून हवा मारा. पंक्चरवाल्याकडे गेलात तर आधी पाइपमधलं पाणी जमिनीवर सोडून द्या.

झोपाळेवाला
दहाच्या ऐवजी पंधरा मिनिटं फिरवला. ठिणग्या आता अंधारात बघितलं तरच दिसतात. पाटाची एक बाजू ८० नंबरच्या काचपेपरने उतरवली, खालून सागाची रेघ न् रेघ दिसायला लागलीय. आईने येऊन हात फिरवला आणि विचारलं, कड्यांना पितांबरी कोण लावणार?