सायनस लिफ्टसाठी पिझो यंत्राचा आग्रह धरावा का?

प्रश्न: माझ्या वडिलांची वरच्या जबड्यातील पहिली दाढ काही वर्षांपूर्वी काढली. आता तेथे इम्प्लांट बसवायचे आहे, पण सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) स्कॅनमध्ये सायनसच्या, म्हणजे दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीच्या, तळाखाली जेमतेम ३ मिलिमीटर हाड उरलेले दिसते. डॉक्टरांनी बाजूच्या हाडात खिडकी करून सायनस लिफ्ट, म्हणजे पोकळीच्या आतला पडदा वर उचलून त्याखाली हाडाची भुकटी भरणे, सुचवली आहे. ती अल्ट्रासॉनिक, म्हणजे पिझो यंत्राने केल्यास पडदा फाटण्याची भीती राहत नाही, असे सांगून त्याचे वेगळे पैसे सांगितले आहेत. हा खर्च करावा का?

उत्तर १ (मुखशल्यचिकित्सक): ‘भीती राहत नाही’ हे जरा जास्तच झाले. या यंत्राचे टोक सेकंदाला सुमारे २४ ते ३० हजार वेळा, मिलिमीटरच्या अंशाइतकेच कंप पावते. कठीण हाड त्याने कापले जाते, पण त्याखालचा मऊ पडदा कंपनाबरोबर हलतो आणि सहसा वाचतो. फिरत्या बरला, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाला, असा भेद करता येत नाही. खिडकीच्या जागेतून एखादी रक्तवाहिनी जात असेल, तर तिच्या बाबतीतही हाच फायदा मिळतो. इटलीचे टोमासो वर्चेलोत्ती यांनी २००१ मध्ये सायनसच्या खिडकीसाठी ही पद्धत मांडली, ती याच कारणाने.

हात मात्र बदलावा लागतो. बरची सवय असलेला माणूस कापणे संथ वाटले की नकळत जोर देतो, आणि येथे जोर दिला की कंपन दबते, कापणे थांबते व हाड तापते. हलक्या हाताने, सलाईनच्या धारेखाली हाड झिजवत गेले की पडद्याची निळसर छटा दिसू लागते; तेथे थांबायचे असते.

पुढे पडदा तळापासून सोडवून वर उचलण्याचे बरेचसे काम हाताच्या अवजारांनीच होते, आणि पुष्कळदा तो फाटतो तो याच टप्प्यावर, विशेषतः सायनसमध्ये हाडाचे आडपडदे असतील तर. म्हणूनच दोन्ही पद्धतींच्या तुलनांमध्ये काही ठिकाणी पिझोने पडदा कमी फाटल्याचे दिसते, तर काही ठिकाणी लक्षणीय फरक दिसत नाही.

उत्तर २: माझी शस्त्रक्रिया पिझोनेच झाली. ड्रिलचा धक्का जाणवला नाही, पण वेळ बराच लागला आणि गालावर सूज आलीच. नवे हाड पक्के होण्यासाठी काही महिने थांबावे लागले, तो काळ यंत्रामुळे कमी झाला नाही.

प्रश्नकर्ती: मग डॉक्टरांना नेमके काय विचारू?

उत्तर १ (मुखशल्यचिकित्सक): स्कॅनमध्ये पडदा सुजलेला आहे का, आडपडदे आहेत का आणि या यंत्राने ते नियमित काम करतात का, हे विचारा. पडदा फाटलाच तर पुढे काय करणार, हेही विचारा; लहान छिद्र कोलॅजनच्या पातळ आवरणाने झाकता येते, मोठे असल्यास हाडाची भुकटी न भरता शस्त्रक्रिया पुढे ढकलणे बरे. उत्तरे समाधानकारक असतील, तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. वडिलांना पेसमेकर असल्यास ते मात्र आधीच सांगा, कारण मग हे यंत्र वापरण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे लागेल.