मदत हवी आहे: बिडी सुटेपर्यंत हिरड्यांचा इलाज थांबवायचा का?

जळगावकर_लेक:

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतेय. वय ५८, अमळनेर तालुक्यात कापसाची शेती. बिडी तरुणपणापासून आहे. रोज एक बंडल तरी लागतंच, वेचणीच्या दिवसांत जास्त. साखर आहे, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ आलं.

खालचे पुढचे दात हलतात. भाकरी दाताने तोडता येत नाही, वरणात कुस्करून खातात. तोंडाला वास येतो. पण हिरडीतून रक्त कधी आलं नाही आणि दुखतही नाही. त्यामुळे नानांचं एकच पालुपद, "रगत येत नही, दुखत नही, मंग बिडीना नि दातस्ना काय संबंध?"

दोन डॉक्टर झाले. तालुक्याचे म्हणाले, फ्लॅप सर्जरी लगेच करू, हाडाची पावडरही भरू. बिडीबद्दल अवाक्षर नाही. धुळ्याला दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी एकेका दाताभोवती मापं घेतली, बऱ्याच ठिकाणी ६-७ मिमी भरली. आधी मुळापर्यंत सफाई, मग पुन्हा मापं, आणि बिडी चालू असेल तर सर्जरी करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एसटीत बसल्याबसल्या नाना म्हणाले, मग बिडी सुटली की येऊ. म्हणजे कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर थांबायचं की तालुक्याला सर्जरी उरकून घ्यायची? आणि कृपा करून "त्यांना रागवा" हा सल्ला नको. आईने तो आयुष्यभर करून पाहिलाय. ती स्वतः मिश्री लावते, त्यामुळे तिच्या बोलण्याला नाना भीक घालत नाहीत.

भरीत_पार्टी:

आमच्या आजोबांनी मरेपर्यंत चिलीम ओढली, दात सगळे शाबूत. डॉक्टरांना गिऱ्हाईक पाहिजे असतं.

हिरडीवाला_नंदुरबार:

आजोबा नशीबवान. ज्यांचे दात गेले ते दात दाखवायला येत नाहीत, म्हणून असे किस्से जास्त ऐकू येतात.

ताई, मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी सर्जरी थांबवली आहे, इलाज थांबवलेला नाही. नानांनी सोयीचा अर्थ काढला. सफाई आत्ताच करून घ्या. बिडी चालू असताना तिचा फायदा न ओढणाऱ्यापेक्षा कमी होतो, खिसे (हिरडी आणि दातामधली खोल फट, धुळ्याला मापली तीच) तितके उथळ होत नाहीत, पण होतो. नुसतं थांबण्यात मात्र हाड झिजत जातं आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

फ्लॅपमध्ये हिरडी उघडून पुन्हा शिवायची असते. ती जखम भरायला रक्तपुरवठा चांगला लागतो आणि धुराने नेमका तोच बिघडतो. पावडर भरून हाड धरण्याची शक्यता ओढणाऱ्यांत बरीच कमी. तेवढे पैसे आत्ता घालू नका. शिवाय सफाईआधी थेट सर्जरीची घाई कोणी का करावी, मला कळत नाही. सफाईनंतर दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मापं घेतली की काही खिसे सर्जरीविनाच आटोक्यात आलेले दिसतात.

आता रक्ताचं. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही हे खरं, पण बिडी ओढणाऱ्याच्या आजारी हिरडीतूनही ते कमीच येतं. धोक्याची खूणच दबून जाते. म्हणून अशी माणसं दात हलायला लागल्यावरच आमच्याकडे येतात. २०१८ पासून आम्ही जे वर्गीकरण वापरतो, त्यात दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, नाहीतर मधुमेह असून एचबीएवनसी ७ किंवा वर, यातलं एक असलं तरी रुग्ण सर्वात वेगाने बिघडणाऱ्या गटात जातो. नानांकडे साखर आहे आणि बंडलही. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. टेंभुर्णीचं पान विझू नये म्हणून झुरके उलट जास्त मारावे लागतात.

साखरेच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा. हिरड्या सुधारल्या की एचबीएवनसी थोडं उतरतं. औषध मात्र बंद करायचं नाही.

सातपुड्याचा_वारा:

मी बिडी सोडलेला माणूस. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. पण फोन नानांनी स्वतः करायला हवा, ताईंनी करून भागणार नाही. मला निकोटीनच्या च्युइंगमने फार आधार दिला. आमच्या सगळ्या बिड्या चहामागे असायच्या, म्हणून आधी चहाची जागा बदलली, टपरीऐवजी घरी. नाना सकाळी उठल्याउठल्या पेटवतात का? तसं असेल तर नुसत्या निर्धारावर सोपं नाही, औषधाची मदत घ्याच.

हिरडीवाला_नंदुरबार:

च्युइंगम उत्तम, पण पुढचे दात हलत असताना चघळणं जड जाईल. नानांसाठी कातडीवर लावायची पट्टी बरी. आधी फिजिशियनला विचारा, हृदयाचा त्रास असेल तर तेही सांगा.

जळगावकर_लेक:

खूप आभार. हो, उठल्याउठल्या, तोंड धुवायच्या आधी पेटवतात. अजून एक. गावात सगळे म्हणतात सफाईने दात सैल होतात, शेजारच्या काकांचे झाले म्हणे. नाना आता तेच धरून बसलेत. आणि वेचणी संपेपर्यंत थांबलं तर चालेल का? मजूर मिळत नाहीयेत.

हिरडीवाला_नंदुरबार:

काकांचे दात आधीच सैल होते, कीटणाचा टेकू होता म्हणून कळत नव्हतं. कीटण काढलं, हिरडीची सूज ओसरली की दात लांब दिसतात, फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबतं. हे सगळं नानांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच बैठकीनंतर पळतील. हाड शिल्लक असेल तर हलणं पुढे कमी होतं. फारच हलणारे दात तारेने शेजारच्यांना बांधताही येतात.

बिडी कमी झाली की काही आठवड्यांत ब्रश करताना रक्त दिसू शकतं. तेव्हा नाना म्हणतील, बघ, बिडी सोडली आणि रक्त सुरू झालं! घाबरू नका, ब्रश थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत व्हायला लागला की असं होतं.

वेचणीसाठी थांबू नका. सफाई तेवढ्याच जागेला भूल देऊन एकेका बाजूची होते, एका बैठकीला तासभर लागतो. दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जाऊ शकतो. सकाळचा नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेऊनच या, उपाशीपोटी नको. त्या दिवशी बिडी शक्य तितकी टाळायला सांगा. आणि आईंनाही सोबत आणा, मिश्रीवाल्यांच्या हिरड्या मला नेहमी पाहाव्याशा वाटतात.

जळगावकर_लेक:

धुळ्याची सोमवारची वेळ घेतली, दोघांची. आईला अजून सांगितलेलं नाही.