लेखकमंडळात कथेवर परखड चर्चा कशी घडवावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आम्ही काही लेखक महिन्यातून एकदा जमतो. कथा वाचली जाते, ‘छान जमली आहे’ असे सगळे म्हणतात आणि चहा येतो. दिवाळी अंकाकडे पाठवण्यापूर्वी कथेतील उणिवा कळाव्यात, ही माझी अपेक्षा तेथे पुरी होत नाही. स्पष्ट बोलावे, तर माणसे दुखावतात. त्यापेक्षा कथा थेट संपादकांकडे पाठवणे बरे नव्हे का?

प्रतिसाद (मिरज)
संपादकांकडून बहुधा होकार किंवा नकार एवढेच कळते. नकाराचे कारण मंडळात मिळू शकते, मात्र त्यासाठी कथा आठवडाभर आधी सर्वांच्या हाती हवी, कारण चांगल्या आवाजात वाचलेली कथा आहे त्यापेक्षा बरी वाटते. आमच्याकडे हळदीच्या सौद्यावरची एक कथा आली होती. व्यापारी शेतकऱ्याच्या हातावर भर सौद्यात नोटा ठेवतो आणि त्या पैशांवरून घरात भांडण पेटते, असा तिचा कणा होता. मार्केट यार्डात दिवाणजी असलेल्या सदस्याने सांगितले, की पैसे अडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, पेढीवरून मिळतात आणि सोबत हिशेबाची पट्टी असते. लेखिकेने प्रसंग पेढीवर नेला. हमाली-तोलाईची वजावट दाखवणारी ती पट्टीच पुढे भांडणाचे मूळ ठरली, आणि कथा उभी राहिली. निव्वळ भाषेवर बोलणाऱ्या आम्हा इतरांना हे सुचले नसते.

प्रतिसाद (सातारा)
सहमत आहे, तरी मंडळावरच विसंबू नये. 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात आमच्या जिल्ह्यातील चाफळचे यशवंत होते, साताऱ्याचे गिरीश होते. हे कवी एकमेकांना कविता ऐकवत. त्यांच्या शैलीतील लकबींवर नेमके बोट मात्र बाहेरच्या अत्र्यांनी, विडंबने लिहून ठेवले. एकत्र बसणाऱ्यांना एकमेकांच्या लकबी खटकेनाशा होतात, म्हणून अधूनमधून न लिहिणारा, पण भरपूर वाचणारा एखादा माणूस बैठकीला बोलवावा. शिवाय चर्चा चालू असताना लेखकाने खुलासे करू नयेत. दिवाळी अंकासोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पुढील बैठकीची कथा आधीच पाठवण्याचे सुचवतो. आमचे दोन ज्येष्ठ सदस्य मोबाईलवर वाचत नाहीत, त्यांच्यासाठी झेरॉक्स काढाव्या लागतील. तो खर्च वर्गणीतून भागेल असे वाटते.