पार्कसाठी (बर्फावर उड्या-कसरती करायची जागा) स्नोबोर्ड घेतोय, 159 सेंमी फार मोठा होईल का?

डेन्व्हरकर: मंडळी, दोन सीझन भाड्याच्या बोर्डावर काढले. आता ब्रेकनरिज स्की रिसॉर्टच्या पार्कात छोट्या उड्या, बॉक्स (वरून घसरत जायचे सपाट चौथरे) जमायला लागलेत. वजन 72 किलो, बूट अमेरिकन 11. दुकानदार 159 गळ्यात मारतोय, जणू वाढत्या अंगाचा घ्यायचाय. चाळिशीत कसलं वाढतं अंग!

हिमगौरी: 159 नकोच. 152 ते 155 बघा. ट्रू ट्विन घ्या, म्हणजे नाक-शेपूट सारखी; उलटे उतरलात तरी बोर्डाला फरक पडत नाही. फ्लेक्स, म्हणजे बोर्डाचा ताठपणा, 10 पैकी 3-4. आणि लांबीआधी रुंदी तपासा! 11 नंबरला कंबर, म्हणजे बोर्डाची मधली रुंदी, साधारण 26 सेंमी हवी. आमच्या ह्यांनी सेलमधला अरुंद बोर्ड उचलला. पहिल्याच कडक वळणावर बुटाचं टोक बर्फात रुतलं आणि साहेब तोंडावर.

घसरगुंडी: +1. पूर्ण कॅम्बर (मध्ये वर उचललेली कमान) उडीला जोर देतो, पण कड पटकन अडकते. मध्ये कॅम्बर, टोकांना रॉकर (वर वळलेला आकार) असा मिश्र घ्या. तळ एक्स्ट्रूडेड (साधा, स्वस्तातला प्लास्टिकचा) चालेल, रेलवर (घसरायच्या धातूच्या दांडीवर) खरवडणारच आहे, डागडुजी तरी सोपी. टोकांकडची कड कानशीने किंचित बोथट करा. किंचितच हं, नाहीतर घट्ट बर्फावर पकड जाते.

डेन्व्हरकर: 155 वाइड मिळाला, गेल्या वर्षीचं मॉडेल, स्वस्तात. गालिच्यावर बांधून उभा राहिलो. बूट दोन्हीकडे जेमतेम बोटभर बाहेर. बायको म्हणते, आता सोफ्यावरून उडी मारू नका म्हणजे झालं.