मदत हवी आहे: हौडेनोसौनी 'क्लॅन मदर'साठी मराठी शब्द

हौडेनोसौनी (इरोक्वॉय) म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी राष्ट्रांचा संघ. त्यांच्या महासभेच्या कामकाजाचा मराठी तक्ता करतेय. रचना जुळली आहे: पाच राष्ट्रांची मिळून 50 प्रमुखपदं, मोहॉक 9, ओनायडा 9, ऑनोंडागा 14, कायुगा 10, सेनेका 8. विषय आधी मोहॉक-सेनेकांकडे, मग सभेच्या अग्नीपलीकडे बसणाऱ्या ओनायडा-कायुगांकडे, म्हणजे 'धाकट्या भावंडां'कडे, शेवटी अग्निरक्षक ऑनोंडागांकडे. मतदान नाही, एकमत होईपर्यंत चर्चा. 1722च्या सुमारास संघात आलेलं सहावं राष्ट्र, टस्करोरा, धाकट्या भावंडांच्या बाजूला.

अडलंय ते 'क्लॅन मदर'वर. प्रमुखाची निवड तीच करते. तो चुकला तर तीन वेळा समज देऊन त्याची हरणाची शिंगं, म्हणजे पदाची खूण, काढूनही घेते. सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे, म्हणून इथे चुकीचा शब्द नकोच.

'कुलमाता' लिहून पाहिलं, वाचणाऱ्यांना कुलदेवी वाटली. 'गोत्रमाता'त गोत्र बापाकडून येतं, इथे कूळ आईकडून. 'मातृवंशीय कुळाची ज्येष्ठ स्त्री' अचूक आहे, पण चौकटीत दोनच शब्द मावतात. शिवाय ती वयाने सर्वांत मोठी असेलच असं नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवायचा नाही.

मराठी मानववंशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, किंवा मेघालयातल्या मातृवंशीय खासी समाजावरच्या मराठी लेखनात, मातृवंशीय कुळातल्या अशा अधिकारपदासाठी कुठला शब्द रुळलेला आहे?