एका रात्रीचा मुक्काम: ट्रेलर जोडलेलाच ठेवता का? (अनुभव धागा)

लोकमान्यनगरातून:

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, आणि तिकडे गेलं की पिकअपमागे चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, जोडून हिंडायचा योग येतो. गेल्या मे महिन्यात लेक-जावयाबरोबर आम्ही फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला गेलो. तिथल्या ट्रेलर व्हिलेज या ट्रेलरतळावर एकच रात्र. तिथं आरपार जागा असतात, एका बाजूनं शिरायचं आणि सकाळी दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर पडायचं. जावई म्हणाला, "आई, आज सोडतच नाही." मला हायसं वाटलं. आदल्या मुक्कामी सकाळी जोडताना पाऊण तास गेला होता. लेक मागे उभी राहून हात दाखवतेय, याला आरशात ती दिसत नाही, आणि पिकअपच्या मागचा बॉल अन् त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर यांत चार बोटं अंतर राहिलेलं. दोघांची चांगली बोलाबोली झाली.

पण त्या रात्री झोप नाही लागली. कुणी बाथरूमला उठलं की सगळं घर डुलायचं. यंदा पुन्हा जाणार आहोत. तुम्ही काय करता, सविस्तर लिहा. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांचे अनुभवही हवेत.

सुदामानगरातून:

ताई, मी टेक्सासमध्ये आठ वर्षं होतो. जोडलेला ठेवायला हरकत नाही, पण ट्रेलरच्या कोपऱ्यांचे टेकू खाली सोडा, डुलणं थांबेल. टेकूंनी ट्रेलर उचलायचा मात्र नाही, चौकट वाकते. आधी डावं-उजवं सारखं करा, म्हणजे खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून तो वर चढवा. मग चाकांना ठोकळे लावा. ते लावल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

पुढचा जॅक टेकवून थोडा भार त्यावर घ्या. बॉलवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार असतो, म्हणजे अडीच हजार किलोच्या ट्रेलरचा अडीचशे ते पावणेचारशे किलो. रात्रभर तो पिकअपच्या मागच्या स्प्रिंगांवर कशाला? पुढे-मागे उतार फार असेल, तर ट्रेलर सोडून जॅकनं पुढची बाजू सारखी करणंच भाग आहे. गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर थंड होत नाही आणि शेवटी बिघडतो.

आणि पिकअपमधून ट्रेलरला वीज देणारा सात पिनांचा प्लग काढा. काही गाड्यांत इंजिन बंद केलं की त्यातली वीज आपोआप तुटते, आमच्या जुन्या पिकअपमध्ये तुटत नव्हती. एकदा विसरलो, फ्रिज रात्रभर पिकअपच्या बॅटरीवर चालला. सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक् टक्. लहान मुलगी सोबत, आणि आसपास चिटपाखरू नाही.

तिलकनगरातून:

मी उलट सांगते. कोलोरॅडोत एस्टेस पार्कला, साडेसात हजार फुटांवर, रात्री दोन वाजता सासऱ्यांना धाप लागली. ट्रेलर जोडलेला. टेकू वर घ्यायचे, विजेची तार काढायची, बॉलवरचा भार वाटून घेणारे दोन दांडे काढायचे, आणि वरून पाऊस. दांड्यांचा नाद सोडला आणि तसाच ट्रेलर ओढत निघालो. कपाटातली भांडी वळणावळणाला आपटत होती, मागे मी त्यांचा हात धरून बसलेले. वेळेत पोहोचलो, ऑक्सिजन मिळाला. पण वयस्कर माणूस बरोबर असलं की आम्ही आता एका रात्रीसाठीसुद्धा गाडी मोकळी करून ठेवतो.

रामबागेतून:

आमच्याकडे महू तालुक्यातल्या सासरवाडीचा ट्रॅक्टर. नर्मदा जयंतीला सिमरोल, भेरूघाट, बडवाह करत खेडीघाटाला मुक्काम असतो. ट्रॉली दोनचाकी. तिचा तोल पुढे हुकावर. पिन काढली आणि माणसं मागच्या फळ्याकडे निजली, तर पुढचं तोंड वर उचललं जातं आणि सगळे मागे घसरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एका म्हाताऱ्या बाईंचा पाय ट्रॉलीखाली जाता जाता राहिला. म्हणून ट्रॉलीत माणसं झोपणार असली, तर आम्ही पिन काढतच नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक लावलेला, आणि ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. नदीकडे उतार असला, तर तिथं ट्रॉली लावायचीच नाही.

लोकमान्यनगरातून:

भाऊ, दोनचाकी ट्रॉलीचं वाचून अंगावर काटा आला. सुदामानगरचे दादा, प्लगचं लिहून ठेवलंय. तिलकनगरच्या वहिनी, तुमचं जावयाला फोनवर वाचून दाखवलं. आमचे हे आता चौऱ्याहत्तरचे आहेत. जावई विचारतोय, ते दांडे काढायला किती वेळ लागतो?

तिलकनगरातून:

ताई, उजेडात आणि सवय असली तर दहा मिनिटं. त्या रात्री टॉर्च कुठे ठेवलाय तेच आठवेना. आता तो दोरीनं जॅकच्या हँडललाच बांधलेला असतो.