खर्रा, डीएनए आणि आजोबांचे उदाहरण

प्रश्न : आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, पानठेल्यावर तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा सकाळपासूनच सुरू होतो. आजोबा तंबाखू खाऊन ८० वर्षे जगले. काकांना मात्र ४५व्या वर्षी गालाचा कर्करोग निघाला. असे का व्हावे?

उत्तर १ : तंबाखूतील नायट्रोसअमाइन्स या कर्करोगकारक रसायनांचे शरीरात रूपांतर होऊन तयार होणारे रेणू डीएनएला चिकटतात. डीएनएमधील ग्वानिन या घटकाला मिथाइल गट (अणूंचा छोटा समूह) जोडला गेला, की पेशीविभाजनाच्या वेळी त्याच्यासमोर सायटोसिन या नेहमीच्या जोडीदाराऐवजी थायमिन हा दुसराच घटक बसू शकतो आणि ती चूक पुढील पेशींत कायम राहते. पेशी अशी इजा दुरुस्त करते. परंतु रोजचा खर्रा दुरुस्तीला उसंतच देत नाही. इजा झालेल्या पेशीला रोखणाऱ्या पी५३ जनुकात बिघाड झाल्यास तर इजा झालेली पेशी थांबत नाही, वाढतच राहते. सुपारी निरुपद्रवी मानली जाते, हा मोठा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या मते ती स्वतंत्रपणेही कर्करोगकारक आहे.

उत्तर २ : आजोबांचा दाखला आमच्याकडेही प्रत्येक पारावर ऐकू येतो. उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएतील असा कायमचा बदल, कोणत्या जनुकात होईल, हे बरेचसे योगायोगावर अवलंबून असते. मात्र प्रत्येक पुडीने तो योगायोग घडण्याची शक्यता वाढते.

उत्तर ३ : कपाशीवरील फवारणीने कर्करोग होतो का, असेही विचारले जाते. याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. तंबाखूविरुद्धचा पुरावा त्याहून पक्का आहे.

प्रश्नकर्ता : काकांचे तोंड दोन वर्षांपासून पूर्ण उघडत नव्हते.

उत्तर १ : ते सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचे (तोंडाच्या आतील अस्तराखालचा भाग कडक होत जाण्याच्या आजाराचे) लक्षण असू शकते, तेव्हाच तपासणी व्हायला हवी होती.